एका प्रश्नापुरतं इंग्रजी

सुलूकाकू, तुमचा फोन अजून वाजतो. दिवसकार्याच्या गडबडीत तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही, आणि आता बंद करायचा म्हटलं तर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. शेवटी तुमच्या पुतण्याने, दिन्याने, तो माझ्या हातात दिला. "वैनी, तुमच्याकडंच ठेवा. तुमचंच पटायचं ना तिला," म्हणाला आणि मोकळा झाला. आपलं किती पटायचं ते त्याला कुठे ठाऊक!

दुपारी वाजला तर मी उचलते. बहुतेक वेळा कर्ज हवंय का विचारणारी कोणी मुलगी असते. "सुलोचना मॅडम आहेत का?" नाहीत म्हटलं की ती गोड आवाजात विचारते, "मग कधी भेटतील?"  तिन्हीसांजेला वाजला की मात्र माझा नवरा टीव्हीचा आवाज कमी करतो आणि आम्ही सगळे त्या उजळलेल्या पडद्याकडे नुसते बघत बसतो. काल संध्याकाळी लांबलचक परदेशी नंबर होता, आणि त्यावर तुम्ही नाव घालून ठेवलंय, 'जोयेल कुक'. मी तो वाजू दिला. त्याला अजून काही कळलेलं नाही, आणि ते त्याला सांगायला मला शब्द सापडत नाहीत. रत्नागिरीत माडीवर इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवणारी बाई म्हणते, शब्द सापडत नाहीत. हसा आता.

तुम्ही त्या माडीवर कधीच आला नाहीत. तुम्ही आलात ते आपल्या दोन घरांमधल्या गडग्यापाशी. ती चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, आपण दोघी दोन बाजूंना, मधल्या दगडावर कोकमं नाहीतर काजू वाळत घातलेले. अवीची बातमी येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तुमचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर खलाशी, एका संध्याकाळी भर समुद्रात जहाजाच्या डेकवर होता आणि सकाळी जहाजावर कुठेच नव्हता. कंपनीचा इंग्रजी कागद आला. शोध घेतला, सापडला नाही, शोध थांबवला. मुंबईच्या एजंटने फोनवर मराठीत सांगितलं, तो अगदी आनंदात होता, कसला त्रास नव्हता. तुम्ही त्याला धन्यवाद म्हणालात, फोन ठेवलात आणि सरळ गडग्याशी आलात.

"मंजू, मला इंग्लिश शिकव. सगळं नको. झालेलं कसं विचारतात, तेवढंच शिकव."

मी आपली नेहमीच्या रस्त्याने निघाले. आय अ‍ॅम, यू आर, धिस इज. तुम्ही दोन दिवस ऐकून घेतलंत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "ह्या आत्ताच्याचं मी काय करू? आत्ताचं मला दिसतंय." मी सांगितलं, काकू, आधी पाया घालायला हवा. त्यावर तुमचं उत्तर मी अजून वर्गात सांगते: "पाया घालायला माझ्याकडं वेळ नाय गो. मला एकच खोली बांधायची हाय."

खोली कुठली, तेही तुम्ही तेव्हाच सांगून टाकलंत. गुहागरचा एक मुलगा आधी अवीबरोबर त्याच जहाजावर होता. त्याने तुम्हाला सांगितलं होतं की जहाजावरचा स्वयंपाकी, जोएल नावाचा फिलिपिन्सचा माणूस, अवीचा जिवलग होता. करार संपवून तो घरी पोचला की तुमच्याशी बोलेल. त्याला इंग्रजी येतं, तेही मोडकं. तुम्हाला मराठी. मी लगेच म्हणाले, त्यात काय, मी मधे बसते, मी विचारते. तुम्ही मान हलवलीत ती आडवी. "तू गोड करून सांगशील. बाई दुसऱ्या बाईला दुःख वाढताना साखर घालतेच."

तिथे आपलं पहिलं भांडण झालं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या प्रामाणिकपणावर शंका? तुम्ही उठलात आणि संध्याकाळी गडग्यावर कुळथाच्या पिठल्याची वाटी ठेवून गेलात. माफी नाही, काही नाही, नुसतं पिठलं. मी वाटी धुऊन परत दिली आणि आपला वर्ग सुरू झाला.

पुस्तक तुम्हाला चालेना. 'राम आंबा खात होता' ह्या वाक्याला तुम्ही विचारलंत, कुठला राम? म्हणून मी वर्तमानपत्राचं रत्नागिरीचं पान घेतलं. रोज एक बातमी मराठीत वाचायची आणि ती इंग्रजीत सांगायची. बातमी झालेलीच असते, त्यामुळे दुसरा काळ येतोच कुठे! आंब्याची गाडी घाटात कलंडली. वाऱ्याने शाळेचे पत्रे उडाले. देवळातली घंटा चोरीला गेली आणि परत आणून टांगलेली सापडली. आणि तो मिरजोळ्याचा बिबट्या, कोंबडीच्या मागे धावता धावता विहिरीत पडलेला. "अ लेपर्ड फेल इन्टू अ वेल." तुम्ही हे वाक्य असं म्हणायचात की त्या बिबट्याची कीव यावी.

पण वाक्य सांगून तुमचं भागायचं नाही. तुम्हाला प्रश्न हवे होते. बातमीत लिहिलं होतं, ग्रामस्थांना बिबट्या दिसला. "ग्रामस्थ म्हणजे कोण?" तुम्ही उसळलात. "ग्रामस्थाला डोळे किती असतात? कोणी तरी एकानंच आधी बघितलेलं असतं." मी म्हटलं, मग विचारा, हू सॉ इट फर्स्ट? तुम्ही विचारलंत आणि उत्तर मिळेना म्हणून मिरजोळ्याला तुमच्या ओळखीच्या बाईला फोन लावलात. पाणी काढायला गेलेल्या एका सुनेने आधी पाहिलं होतं. तिने कळशी टाकली आणि पळाली, ओरडलीसुद्धा नाही. हे पेपरात नव्हतं. तुम्ही समाधानाने मला इंग्रजीत सांगितलंत, शी सॉ टू आइज. शी डिड नॉट शाउट.

मग मला कंपनीचा कागद आठवला. त्यात असंच लिहिलं होतं, शेवटचा डेकवर दिसला. कोणाला दिसला ते नव्हतं. तुम्ही बिबट्याची चौकशी करत नव्हता, काकू, हे मला त्या दिवशी कळलं.

पावसाळ्याच्या सुमाराला पेपरात एक चौकटीतली बातमी आली. खाडीकाठच्या कुठल्याशा गावात एक बाई संध्याकाळी कपडे काढायला अंगणात गेली, तिला कोणी नावाने हाक मारली, तिने ओ दिली आणि सकाळी ती पलीकडच्या गावात देवळाच्या पायरीवर बसलेली सापडली. पाय कोरडे. मधे खाडी. मी ती बातमी टाळून पुढे जाणार होते, पण तुम्ही पान धरून ठेवलंत. "हीच घे." आणि स्वतःच सुरू केलंत, शी हर्ड अ व्हॉइस. शी आन्सर्ड. तुमचा आवाज खाली गेला होता. "पहिल्याच हाकेला ओ दिली बघ बायेनं. माहेरात कोणी शिकवलंन नाय तिला."

तुमच्या माहेरी, बुरोंडीला, ते शिकवलेलं होतं. तिन्हीसांजेनंतर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारेलच. दुसरं जे काही असतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. आम्ही सगळे थोडंफार पाळतो, पण तुमच्याइतकं कोणीच नाही. तुम्ही तर फोनलाही तोच नियम लावलेला. दिवेलागणीनंतर सुलूकाकूंना फोन करायचा तर तीनदा लावायचा, हे वाडीतल्या पोराटोरांना ठाऊक होतं. दोनदा वाजून बंद होऊ द्यायचात आणि तिसऱ्याला पहिल्या रिंगेला उचलायचात. अवी तुमची थट्टा करायचा, आईला फोन लावायचा तर आधी जेवून घ्यावं म्हणायचा. मीसुद्धा पुष्कळ चिडवलंय तुम्हाला. कर्जवाल्यांचं भूत तरी दोनदाच येतं, तेवढाच फायदा.

पावसाळा सरत आला तशी तुमची तालीम सुरू झाली. मी जोएल व्हायचं आणि तुम्ही विचारायचं. प्रश्न तुम्ही पाठ केले नव्हते, तयार केले होते, आणि क्रम रोज बदलायचात. व्हॉट हॅपन्ड दॅट इव्हनिंग? हू सॉ हिम लास्ट? व्हॉट डिड ही से? मी जोएल होऊन मनाला येईल ते सांगायची. ही वॉज हॅपी, मदर. तुम्ही लगेच थांबवायचात, "गोड नको. वाईट सांग. वाईट कानाला समजलं पाहिजे." मग मी वाईट सांगायची. तुमच्या समोर बसून तुमच्या मुलाबद्दल वाईट वाक्यं तयार करायची, दुपारच्या उन्हात, माडांच्या सावलीत, आणि तुम्ही एकेक क्रियापद नीट ऐकून मान डोलवायची. घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही.

एका दुपारी तुम्ही एक नवा प्रश्न काढलात. "डिड ही कॉल मी?"

मी म्हणणार होते, नो, मदर. वाईट सांगायचं ठरलेलंच होतं. पण माझ्या तोंडून आलं, "यस. टू टाइम्स."

तुमच्या हातातली काजूची बी खाली पडली. "तुला कोणी सांगितलंन?"

"काय?"

"दोन म्हणून कोणी सांगितलंन?"

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी भुताखेतांना न मानणारी बाई आहे, काकू, तुम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हाही म्हणाले की आकडा आपला तोंडाला आला तो आला. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात, माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मग गडग्यावर दोन्ही हात टेकून तुम्ही ते सांगितलंत, जे तोपर्यंत दिन्यालाही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही तुळशीपाशी दिवा लावत होता आणि फोन वाजला होता. अनोळखी, लांबलचक नंबर. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. बंद झाला. तुम्ही दिवा खाली ठेवून, फोन हातात घेऊन तिसऱ्याची वाट बघत उभ्या राहिलात.

"तिसरा आला नाय गो. वात संपली तरी नाय आला."

उलट फोन लावला तर तो लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला. म्हणजे एवढ्यासाठी होतं तुमचं सगळं इंग्रजी. पुढचे मागचे प्रश्न होते ते ह्या एका प्रश्नापर्यंत जायच्या पायऱ्या. तो फोन अवीचा होता का, आणि आपण उचलला नाही म्हणून तो गेला का. मी तुम्हाला बजावलं, नका विचारू हा प्रश्न. उत्तर नको तेच आलं तर काय कराल? तुम्ही म्हणालात, "आत्ता काय करतंय मी? रोज दोन्ही उत्तरं ऐकतंय. एक तरी कमी होईल." हे भांडण आपलं संपलं नाही. तुम्ही गेलात तरी मी अजून घरात फिरता फिरता तुमच्याशी ते भांडत असते, आणि दर वेळी हरते.

भावकीत तोवर कुजबुज सुरू झाली होती. प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकतात, अवीचीही करून टाकावी, तो अधांतरी राहिलाय, अशी. तुम्ही सगळ्यांना एकच सांगितलंत, आधी मला विचारून घेऊ दे.

जोएलचा फोन आला तो तिन्हीसांजेचाच, तुम्ही आमच्या घरी येऊन बसला असताना. तिकडे रात्र झाली होती. व्हिडिओ कॉल होता आणि वेळ आधी ठरली होती, तरी तुम्ही तो दोनदा वाजू दिलात. मला हसावं की ओरडावं कळेना. तिसऱ्याला उचललात. तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसला होता आणि मी तुमच्या हुकमाप्रमाणे भिंतीला टेकून, जोएलला दिसणार नाही अशी बसले होते. पडद्यावर एक बुटका, टक्कल पडत चाललेला माणूस आला आणि तुम्हाला बघून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "मदर."

"आय विल आस्क," तुम्ही म्हणालात. "यू टेल ट्रू."

"यस, मदर."

पहिलाच प्रश्न आपल्या तालमीत नव्हता. त्या दिवशी अवी काय जेवला, असं तुम्ही विचारलंत. जोएलने सांगितलं, भात आणि अंडं, तेही थोडंच. तुम्ही मान डोलवलीत. मग हू सॉ हिम लास्ट. जोएल म्हणाला, "आय डिड, मदर. आय सॉ हिम." कुठे? फोनपाशी. जहाजावर एक फोन असतो, तिथे तो उभा होता.

"डिड ही कॉल मी?"

  मग जोएल म्हणाला, "यस, मदर. टू टाइम्स."

 ते शब्द मी आधीच म्हणाले होते, त्याच क्रमाने, त्याच मोडक्या इंग्रजीत. तुम्ही मात्र हलला नाहीत. तुम्ही पुढे विचारलंत ते आपण कधी केलंच नव्हतं.

"व्हाय नॉट थ्री?"

जोएल रडायला लागला. रडत रडत सांगितलं त्याने. "आय टोल्ड हिम, कॉल अगेन. ही सेड नो. ही सेड, थर्ड टाइम शी विल पिक अप. देन व्हॉट विल आय टेल हर?"

मी भिंतीपासून पुढे सरकले. काही तरी करून ते वाक्य थोपवायला हवं होतं. मी तोंड उघडलं, काकू, ह्याचं इंग्रजी कच्चं आहे, त्याला म्हणायचंय की... तुम्ही माझ्याकडे न बघता हात वर केलात. "समजलं मला. तूच शिकवलंस." आणि मग फोनकडे बघून, "थँक यू, जोएल. यू टोल्ड."

तुम्ही फोन उचलला नाही म्हणून तो गेला नव्हता. तिसऱ्यांदा तुम्ही नक्की उचलाल हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तिसरा फोन केला नाही. त्याला काही तरी सांगायचं होतं आणि सांगवेना. काय होतं ते जोएललाही ठाऊक नव्हतं. मी तुम्हाला घरापर्यंत सोडायला निघाले तर गडग्याशी थांबून तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझं चुकलं नाय, मंजू."

"नाही, काकू. अजिबात नाही."

"चुकलं असतं तर बरं झालं असतं गो."

 आता जोएलचा फोन समोर वाजत असतो आणि मी त्याच्याकडे बघत बसते, तेव्हा अवी त्या फोनपाशी कसा उभा राहिला असेल ते मला थोडं कळतं. आज त्याचा फोन आला तर घेईन. कसं सांगायचं ते बोलताना बघू.

त्या दिवसानंतर तुम्ही नियम मोडलात. पहिल्यांदा मला ते कळलंच नाही. संध्याकाळी मी चहा गाळत होते आणि तुमच्या अंगणातून तुमची ओ ऐकू आली. ठणठणीत, एकदाच दिलेली. मी खिडकीतून बघितलं, कोणी आलं असेल म्हणून. कोणी नव्हतं. कोणी हाक मारल्याचंही मी ऐकलं नव्हतं. तुम्ही पायरीवर उभ्या होता, बेड्याकडे, म्हणजे आपल्या त्या बांबूच्या फाटकाकडे बघत. मग दर एक-दोन दिवसांनी ते सुरू झालं. मधे हाक नसायचीच, नुसती तुमची ओ. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "पहिल्या हाकेला घेतलं म्हणजे तिसरीपर्यंत त्याला विचार करायला वेळ नाय मिळायचा."

हे ऐकून मी घरात आले आणि दार लावून घेतलं. सांगायचं राहून गेलं तुम्हाला, त्या दिवसांत मला तुमची भीती वाटायची. तुमच्यावर जीव होता आणि भीती वाटायची, दोन्ही एकदम.

आणि पायरीवर बसून तुम्ही बातम्या सांगायला लागलात. इंग्रजीत. समोर कोणी नाही, फोन घरात. अ कोकोनट फेल. दिन्या रिपेअर्ड द पंप. द कॅट ईट, नाही, एट द बांगडा. चुकलात की स्वतःच थांबून दुरुस्त करायचात. मला आधी वाटलं सराव चाललाय. मी गडग्यापाशी जाऊन म्हटलं, काकू, अवीशी बोलायचंय तर मराठीत बोला की, त्याला कुठे परीक्षा द्यायचीय. तुम्ही हसलात. खरंच हसलात, फार दिवसांनी. "मराठीत रडू येतं गो. ह्या भाषेत मला अजून रडायला येत नाय. तेवढं तू शिकवलं नायस."

माझ्या वर्गात इतकी वर्षं मुलं येतात, मुलाखती देतात, नोकरीला लागतात. मी शिकवलेल्या इंग्रजीचा असा उपयोग कोणी केला नव्हता. आता मी नव्या मुलांना बातमी देते आणि विचारते, आधी कोणी बघितलं? ती गांगरतात, मग शोधायला लागतात. हे तुमच्याकडून आलंय, आणि तुम्ही असताना मी ते एकदाही कबूल केलं नाही. मीच बाई होते ना!

दिन्याने मधे पुन्हा क्रियेचा विषय काढला. आता तर जोएलशी बोलणं झालं, आता काय राहिलं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझं विचारून झालं. त्याचं सांगायचं राहिलंय." दिन्या माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवून गेला. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

शेवटची संध्याकाळ मला सांगितलीच पाहिजे, कारण ती तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी भाजणीचे वडे केले होते, चार ताटलीत घालून तुम्हाला द्यायला निघाले. उजेड अजून होता, माडांच्या शेंड्यांवर थोडा पिवळा, खाली काळोख धरायला लागलेला. गडग्यापाशी पोचले आणि तुमची ओ आली. मग मराठीत, पहिल्यांदाच मराठीत, तुमचा आवाज: "सांग रे. काय पण सांग. मी हाय."

मी थबकले. तुम्ही पायरीवर बसला होता, हात मांडीवर. फोन ओटीवर चार्जिंगला लावलेला होता, त्याचा छोटा दिवा मला दिसत होता. तुमचं तोंड बेड्याकडे. आणि तुम्ही ऐकत होता. काकू, मी आयुष्यभर लोकांना ऐकायला शिकवलंय. ऐकायचं नाटक करणारी माणसं मला लांबून ओळखू येतात. तुम्ही नाटक करत नव्हता. तुम्ही "हं" म्हणालात.  पुन्हा "हं." एकदा तुमचा हात तोंडाशी गेला. मग अगदी हळू, "मग?" आणि त्यानंतर पुष्कळ वेळ नुसतंच ऐकणं. समोरून मला काही ऐकू आलं नाही. वारा नव्हता. आमचा कुत्रा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता आणि तोही तिकडेच बघत होता, भुंकत नव्हता.

शेवटी तुम्ही रडलात. मोकळं, मोठ्याने, आपल्या भाषेत. "एवढंच ना रे," म्हणालात. "एवढंच होतं ना? येड्या." वडे हातात घेऊन मी परत फिरले. तो काय म्हणाला ते मला विचारावंसं वाटलं नाही. सकाळी दिन्याच्या बायकोला तुम्ही अंथरुणात सापडलात. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, चांगली झोप लागलेलं माणूस झोपतं तशा. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या.

परवा तुमचं तेरावं झालं. पानं उठल्यावर भटजी दिन्याला म्हणाले, मुलाचं राहिलंय तेही आता करून घ्या, किती दिवस ठेवणार? ओटीवर सगळी भावकी बसली होती. दिन्याने मान खाली घातली. "ती नको म्हणायची," तो म्हणाला. "त्याचं सांगायचं राहिलंय म्हणायची. आता कोणाला विचारायचं?" मला तिथे बोलायचा काही अधिकार नव्हता, मी शेजारीण, आणि त्या घरच्या देवाधर्मात तर कोणीच नाही.

मी म्हणाले, "करा. त्याचं सांगून झालंय."

तुला कसं ठाऊक, असं कोणीच विचारलं नाही. दिन्या उठला आणि दर्भ आणायला गेला.